ओंडक्याचा नेम

बोरखळच्या सरकारांचा नेम कधी लागला नाही, आणि दोष दर वेळी बंदुकीच्या नळीचाच निघाला. संस्थानच्या बंदुका घडवणाऱ्या केरबा जिनगरानं पहिली नळी स्वतः घडवली, दुसरी लखनौहून आणली, तिसरी विलायतेहून. चौथीसाठी तर तो महिनाभर मुंबईत राहिला आणि चाळीस नळ्या उजेडाकडे धरून, आतून निरखून त्यातली एक निवडली. तिच्याही पाचही गोळ्या निशाणाबाहेर गेल्या.

"पुन्हा वाकडी नळी! उचल बिऱ्हाड आणि चालता हो!" सरकार गरजले.

केरबा आता थकला होता. त्यानं तीच बंदूक एका जड ओंडक्याला लोखंडी पट्ट्यांनी आवळली, निशाणावर रोखली आणि दोरीनं पाच वेळा चाप ओढला. पाचही गोळ्या एकाच भोकातून गेल्या.

"मग दोष कुणाचा?" सरकारांनी डोळे वटारले.

"लहान तोंडी मोठा घास कसा घेऊ, सरकार? नळी तीच, गोळ्या त्याच. मी फक्त सरकारांच्या जागी ओंडका ठेवला."

भोवती उभ्या मानकऱ्यांनी माना खाली घातल्या. सरकारांनी ओंडक्याकडे बोट दाखवलं.

"फोडा तो ओंडका," ते म्हणाले, "आणि पाचवी नळी मागवा."

ओंडक्याचं जळण झालं. केरबा पत्र लिहायला बसला.