ओल्या धोंडीवरची नावं

पऱ्याच्या मधोमध ती काळी धोंड आहे ना, तिच्यावर कुणी कपडे धूत नाही. हात लावून बघा. वैशाखात सगळा ओढा आटतो, पण ती अशीच ओलसर असते.

फार पूर्वी इथे ठकूआत्या नावाची बालविधवा होती म्हणे. भाऊ पाठ घोकायचा तेव्हा दाराआड बसून ती अक्षरं शिकली. पोरी धुणं घेऊन आल्या की ओल्या बोटाने ती याच धोंडीवर त्यांना लिहायला शिकवायची. उन्हाने अक्षरं उडून जायची. कुणी येताना दिसलं तर बायका वर पाणी ओतायच्या. कारण खोताने दवंडी पिटली होती, जी पोर अक्षर लिहील तिची बोटं डागीन.

एका वर्षी वैशाखात पऱ्या पार आटला. उरलेलं पाणी पिण्यापुरतं. त्यात बोट बुडवायला कुणाचं मन होईना. मग पोरींनी कोळसा घेतला आणि प्रत्येकीने आपापलं नाव लिहिलं. येसू, भागी, तान्ही. पहिल्यांदाच जमलं होतं. त्या हरखून बघत राहिल्या, तोवर खोत काठावर आला.

खरबरीत दगडातला कोळसा पदराने निघेना. आत्या त्या नावांवर आडवी झाली.

“काय गं ठकू, भर उन्हात झोपलीस?”

“पाठ शेकतेय, खोत. तुम्हीपण शेका, ताठा उतरेल.”

बायका पदराआड हसल्या. खोताला संशय आला.

“शेक तर मग. तू उठल्याशिवाय मी हलत नाही.”

तो करंजाच्या सावलीत बसला. पाणी घेऊन निघालेल्या बायकांना त्याच्या माणसांनी अडवलं. गावातले पुरुष काठावर उभे होते, पण कुणी पुढे झालं नाही. कातळ तापला. वारा थांबला, पाखरं गप्प झाली. आत्या डोळे मिटून ओठ हलवत होती. काय म्हणत होती ते कुणाला ऐकू आलं नाही. दिवस कलला तेव्हा ओठही थांबले.

खोताने तिला उचलायला लावलं. खाली धोंड पाझरत होती. एकही नाव उरलं नव्हतं. असं सांगतात, की त्याने दगडावर हात फिरवून पाहिला आणि ओल्या हातानेच तो निघून गेला.

आजही मुलगी शाळेत जायची झाली की वैशाखात तिला इथे आणतात. ती धोंडीला बोट लावते, आई तिचा हात धरून शेजारच्या कोरड्या कातळावर तिचं नाव काढते. आणि ते वाळून दिसेनासं होईपर्यंत घरातल्या पुरुषाने तिच्यावर सावली धरायची असते. त्या दिवशी कुणी धरली नव्हती.

माझ्या बहिणीवर मी धरली. सावलीत नाव फार सावकाश वाळतं.