नभकेसरी ओढणारा गवा

एक जंगल होतं. तिथे सिंह राजा होता आणि तो रीतसर निवडून आला होता. त्याच्यासमोर एक हरीण उभं होतं, पण मतदानाच्या आदल्या दिवसापासून ते कुणाला दिसलं नाही.

त्या जंगलात मी गवा. आमच्या सात पिढ्यांत कुणाच्या मानेवर जू बसलं नव्हतं आणि याचा आम्हाला फार गर्व होता. जंगलाच्या कडेच्या रस्त्याने मान हलवत जाणारा नंदीबैल दिसला, की आम्ही झाडाआडून त्याला हसायचो.

जंगलाला एक दुखणं होतं. घारी यायच्या आणि पूर्वेच्या कुरणातली रानकोंबड्यांची पिल्लं उचलून न्यायच्या. साळिंदर विष्णुपंतांनी पाच वर्षं खपून त्यावर एक लढाऊ विमान तयार केलं. त्याला पुढे पंखा नव्हता. शेपटीतून आग सोडत ते पळायचं. नाकाशी दगड मारायला गोफण होती. "आपल्याकडे उडणारे पक्षी आहेतच की," असं एका मोराने सभेत सुचवलं. तेव्हा पक्षी हे घारींचे भाऊबंद ठरले आणि मोराला खाली बसवण्यात आलं. विमानाला राजाने 'नभकेसरी' नाव दिलं.

विमान मोहाच्या दारूवर चाले. इंधन खातं अस्वलाकडे होतं, त्यामुळे इंधनाची कायम टंचाई. म्हणून हुकूम निघाला, की जमिनीवर इंजिन चालवू नये. धावपट्टीपर्यंत विमान गव्याने ओढून न्यावं. हुकुमात 'जू' असा शब्द नव्हता, 'सन्मानपट्टा' असा होता. मी लगेच मान पुढे केली. जंगलातल्या सर्वांत वेगवान विमानाचा बराचसा प्रवास माझ्या चालीने झाला, आणि मी तो छाती काढून केला.

वैमानिक होता भिवा शेकरू. पहिल्याच उड्डाणात त्याने दोन घारी पाडल्या. सहा उड्डाणांत आभाळ मोकळं झालं. तीन महिने कुरणातून एकही पिल्लू गेलं नाही. यमुनाबाई रानकोंबडी आपली नऊ पिल्लं घेऊन मला भेटायला आली, आणि जणू मीच उडत होतो अशा थाटात मी त्यांना आशीर्वाद दिला.

मग राजाने विमान पाहिलं.

"छान आहे," तो म्हणाला. "यातून फुलं टाकता येतील का?"

"गोफण काढली तर येतील, महाराज," विष्णुपंत म्हणाले. "पण इंजिन दहा उड्डाणांपुरतंच आहे. सहा झाली. नवं करायला दोन वर्षं लागतील."

विष्णुपंतांची बदली वारुळं मोजण्याच्या खात्यात झाली. गोफणीच्या जागी झेंडूची पाटी बसली. सातवं उड्डाण राजाच्या वाढदिवसाला झालं, आठवं पाणवठ्याच्या उद्घाटनाला आणि नववं त्याच पाणवठ्याच्या दुसऱ्या उद्घाटनाला.

निवडणुकीच्या सभेला मी विमान ओढत निघालो होतो. दोन वाटा फुटतात तिथे यमुनाबाई धापा टाकत आडवी आली.

"दादा, घारी आल्यात. कुरणाकडं वळवा."

भिवा वरून म्हणाला, "वळव गड्या. गोफण नसली तरी नुसत्या आवाजानं पळतील त्या. इंधन एका घिरटीपुरतंच हाय, सभेच्या मैदानावरनं कुरण गाठायचं न्हाई. आन् जमिनीवर ह्याला वळवणं माझ्या हातात न्हाई, तुझ्या मानेत हाय."

उजवीकडे कुरण होतं, डावीकडे सभा. माझी मान उजवीकडे वळत नव्हती असं नाही. पण सभेत माझा सत्कार होता. मी डावीकडे वळलो.

"कित्येक पावसाळे या जंगलाने मान खाली घालून काढले," राजा बोलत होता. "आज मान वर करा." सगळ्यांनी माना वर केल्या आणि वरून झेंडू पडला. "नभकेसरी, आमचा पहारेकरी" ही घोषणा मीही दिली. माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. तेवढ्या वेळात घारींनी नऊच्या नऊ पिल्लं नेली. सांगायला लाज वाटते, पण मला शाल मिळाली आणि ती मी अंगावर घेतली.

सरकारी इतिहासात नोंद आहे: एकूण उड्डाणं दहा, दहाही यशस्वी. भिवाने त्याच दिवशी नोकरी सोडली. मी सोडली नाही, मला बढती मिळाली.

आता इंजिन पार गेलंय. निवडणूक आली की मी नभकेसरी रंगवून कुरणाकुरणातून ओढत नेतो. गर्जना भोंग्यातून येते, फुलं माकडं हाताने टाकतात. घारी वर निवांत फिरत असतात.

परवा पूर्वेच्या कुरणात यमुनाबाई पुन्हा आडवी आली. सोबत नवी पिल्लं होती, चार.

"दादा, यंदा उडणार म्हणतात. खरं का? उडणार असलं तर मत राजालाच देते."

मी मान हलवली.

कडेच्या रस्त्यावरून एक नंदीबैल हे बघत होता. तो हसला नाही. नात्यातलं कुणी भेटावं तशी त्यानेही मान हलवली.