पडद्याआडची शलाका

पूर्वी नदीकाठच्या एका नगरात राजा नव्हता, गण होता. बोधिसत्त्व त्या जन्मी त्या गणाचा प्रमुख नंदिसेन होता. दर वर्षी पावसाळा सरला की लोक भरसभेत लाकडाची शलाका पसंतीच्या माणसाच्या हातात देऊन प्रमुख निवडीत. शलाका नेहमी नंदिसेनाच्याच हातात पडत. आधीचे आठ दिवस त्याच्या घरी पंगती उठत, आणि गूळ तिथे मुंगळे असायचेच. विरोधक पुण्णक सभेत शिव्या घाली आणि हरून घरी जाई.

एकदा सामा नावाची विधवा शलाका घेऊन आधी पुण्णकाकडे वळली, आणि मग मागे फिरून तिने ती नंदिसेनाच्या हातात ठेवली. बोधिसत्त्वाने तिला बाजूला घेऊन कारण विचारले.

"लेक तुमच्या नावेवर राबतो, बाबा," ती म्हणाली. "दुसऱ्याला दिली तर त्याला कोण ठेवील?"

तेव्हापासून बोधिसत्त्वाला त्या शलाका जड वाटू लागल्या. पुढल्या निवडीला त्याने पडदा लावला, त्याआड दोघांची दोन मडकी ठेवली, आणि कोणाची शलाका कुठे पडली हे कोणी पाहू नये असा नियम केला.

नियम बदलला तशी माणसेही बदलली. पुण्णकाने शिव्या देणे सोडले आणि तो दारोदार फिरून कोणाचे काय अडले आहे ते विचारू लागला. बोधिसत्त्वाच्या माणसांचे आजवर डोळे वटारून भागत होते. त्यांना गोड बोलणे काही साधेना. कधी सभेकडे न फिरकणारे कोळीही होड्या बांधून आले.

मडकी उपडी केली तेव्हा बोधिसत्त्वाच्या मडक्यातून मूठभर शलाका निघाल्या. पंगतीला जेवणारेही त्यात नव्हते, हे कळायला मोजावे लागले नाही.

"पहारेकरी अजून तुझे आहेत," त्याचा जिवलग सोमदत्त कानाशी म्हणाला. "मडकी फोड आणि शलाका पुन्हा हातात घे."

"हातात येत होत्या त्या माझ्या नव्हत्याच," बोधिसत्त्व म्हणाला. त्याने गणाची मुद्रा पुण्णकाला दिली. सोमदत्त पुण्णकाच्या मिरवणुकीबरोबर निघून गेला.

घर ओस पडले. बोधिसत्त्वाला फार एकटे वाटले. आपण इतकी वर्षे एकटेच होतो, हे तर त्याला अधिकच लागले.

काही दिवसांनी सामा आली आणि ओसरीवर बसली.

"मी शलाका पुण्णकाला टाकली," ती म्हणाली. "लेक मात्र तुमच्याच नावेवर राहू द्या. मालक म्हणून तुमच्यासारखा कोणी नाही."

बोधिसत्त्वाने तिला पाणी दिले. त्या ओसरीवर इतके खरे कोणी बोलले नव्हते.

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा सोमदत्त म्हणजे आज आपल्याला सोडून मोठ्या गर्दीमागे निघून गेलेला तो भिक्खू. सामा म्हणजे दाराशी बसलेली ही वृद्ध भिक्खुणी, ही थेरी. नंदिसेन मी होतो. त्या जन्मी मी सत्यपारमिता, म्हणजे सत्याचे पूर्ण व्रत, पाळली, आणि ओसरी बरेच दिवस रिकामी राहिली."