शाळेची कडी

पळसाच्या रानाकडेला एका घिसाड्याची गाडी उतरली होती. त्या गाडीखाली बिजली राहायची. तिला आई नव्हती, पाटी नव्हती. होता फक्त भाता. ती भाता ओढायची, बा लोखंड ठोकायचा. गावचे फाळ, विळे, खुरपी झाली की गाडी पुढच्या गावाला.

काम थांबलं की बिजली शाळेच्या खिडकीखाली जाऊन बसे. आतले इवले इवले आवाज कविता म्हणत, आणि बाहेर तिचे ओठ हलत. गावच्या म्हाताऱ्यांना तेवढंही खपेना. आज खिडकीशी आहे, उद्या दारातून आत येईल, म्हणून त्यांनी दाराला आतून जाड कडी लावायचं ठरवलं. घडवायला दिली कोणाला? बिजलीच्याच बाला.

"शिकून काय ऐरण हलकी होते?" बा म्हणाला. "ओढ भाता."

तिने ओढला. तिच्याच वाऱ्यावर ती कडी लालबुंद झाली.

संध्याकाळी रानात एका केशरी फुलात तिला बोटाएवढी परी दिसली. गारठ्याने तिचे चिमुकले पंख राखेसारखे पडले होते. तिने विस्तव मागितला. विस्तव मागणाऱ्याला घिसाडी नाही म्हणत नाहीत. बिजलीने चुलीतला शेवटचा निखारा नेऊन दिला आणि भाकरीवाचून राहिली. परीचे पंख सोनेरी झगमगले.

"एक इच्छा माग," परी म्हणाली. "पण बाळे, माणसाचं मन मला वाकवता येत नाही. लोखंड येतं. तेही एकदाच."

बिजलीने ठरवलं, सकाळी गाव सोडायला बैल जुंपले की गाडीचा लोखंडी कणा वाकवून मागायचा. गाडी अडली तर खिडकी तरी सुटणार नाही.

सकाळी बैल जुंपले, आणि डोंगरावरून वणवा उतरला. शाळेचं छप्पर पेटलं. आत पोरं किंचाळत होती. गुरुजी ओढत होते, पण नवी कडी घट्ट रुतली होती. खिडकीला गज. म्हातारे नुसते एकमेकांवर ओरडत होते.

परी बिजलीच्या खांद्यावर बसली. "कणा ना?"

बिजलीने एकदा गाडीकडे पाहिलं.

"कडी," ती म्हणाली.

कडी मेणासारखी वाकली. पोरं खोकत बाहेर पडली, आणि मागे छप्पर कोसळलं.

म्हाताऱ्यांनी आभार मानले नाहीत. आग घिसाड्याच्याच भट्टीतून उडाली म्हणाले आणि गाडी हाकायला लावली. चाक हललं. तेवढ्यात शाळेतली, काजळलेल्या तोंडाची वेणू चाकापुढे येऊन बसली. तिच्या शेजारी दुसरी, मग सगळीच पोरं. आजोबांनी कान धरून एकाला उठवावं, तर दुसरा बसे.

"ती आमच्यात बसणार असेल तर उठतो," वेणू म्हणाली. "नाहीतर नाही."

बाने कासरा सोडला.

"हे मी नाही केलं हं," परी बिजलीच्या कानात हसली. मग पळसाचं रान क्षणभर केशरी उजेडाने भरून गेलं, आणि परी त्यात विरून गेली.

आता शाळा पळसाखाली भरते. फांदीला ती वाकडी कडी टांगलेली आहे. रोज सकाळी बिजली तिच्यावर बाचा हातोडा मारते, आणि पोरं धावत येतात. दार नाहीच.