ठोक्याचे मैदान

आमच्या शहरात साळी पेठेच्या शेवटी, देवीच्या देवळासमोर एक मोकळे मैदान आहे. एका टोकाला जुनी चिंच, दुसऱ्या टोकाला दगडी दीपमाळ आणि मधे नुसती माती. दर रविवारी संध्याकाळी इथे काही ना काही असते. कधी जादूचे प्रयोग, कधी कळसूत्री बाहुल्या, कधी पोरांचा मल्लखांब, कधी गाणी. घरेच्या घरे उठून येतात. खुर्च्या नसतात, सतरंजीही कुणी आणत नाही. इस्त्रीच्या कपड्यातली माणसेसुद्धा मातीतच मांडी घालतात. डब्यांतून भाकरी आणि शेंगाचटणी निघते, पोरे पळापळी करतात, आणि खेळ सुरू झाला की सगळे गप्प होतात.

बाहेरून आलेल्या कलाकाराला मात्र पहिल्या खेपेला हे मैदान घाबरवते. खेळ संपतो, तो वाकून नमस्कार करतो, आणि एकही टाळी वाजत नाही.

गेल्या मार्गशीर्षात तसेच झाले. नागपूरकडची केतकी वानखडे नावाची मुलगी आली होती. उंच एकचाकी सायकलवर बसून ती चेंडू झेलते. त्या दिवशी तिचे दोन खेळ होते. पहिला फार छान झाला. ती खाली उडी मारून वाकली, आणि समोर हजारभर माणसे तिच्याकडे बघत नुसती बसून राहिली. तिचे हसू थोडा वेळ तसेच टिकले, मग मावळले. ती पडद्यामागे गेली आणि साथीदाराला म्हणाली, सामान बांध, दुसरा खेळ मी करत नाही.

खरे तर चूक खेळ ठरवणाऱ्या मंडळाच्या पोरांची होती. कलाकाराला आधी सांगून ठेवायचे असते, ते राहून गेले. शेवटी बळवंतकाका होटकर उठले. काका पंचाहत्तरीच्या पुढचे, दर रविवारी चिंचेच्या बुंध्याला टेकून बसणारे. मी नातवाला घेऊन त्यांच्या शेजारीच होतो, म्हणून मीही मागे गेलो.

काका तिला म्हणाले, "बाई, लोक द्यायला बसलेत. तुम्ही बूट घालून उभ्या राहिलात. बुटातून ते पोचत नाही."

"काय पोचत नाही?" तिने विचारले. आवाजात राग होता.

काकांनी चहा मागवला आणि तिला चिंचेखाली बसवून ही हकीकत सांगितली. मी ती अनेकदा ऐकली आहे. त्या दिवशी ऐकली तशी लिहितो.

गोष्ट किती जुनी ते काकांना सांगता येत नाही. त्यांचे आजोबाही ती आपल्या आजोबांकडून ऐकलेली म्हणून सांगत. तेव्हा पेठेत घरोघर खड्ड्याचे माग होते. जमिनीत खड्डा, खड्ड्यात विणकराचे पाय, आणि दिवसभर पायाखालच्या पावड्यांचा ठोका. बाजाराच्या दिवशी तेवढे माग बंद असत. त्या संध्याकाळी सारी पेठ बायकापोरांसह या मैदानात येऊन बसे. गारुडी, बहुरूपी, डोंबारी, जो कुणी आलेला असेल त्याचा खेळ बघत. आपली रविवारची रीत तिथूनच आली, असे सांगतात.

एका वर्षी डोंबाऱ्यांचे एक बिऱ्हाड चिंचेखाली उतरले. केरबा, त्याची बायको सारजा आणि त्यांचे वर्षाच्या आतले मूल, जोती. सारजा दोरावर चालायची आणि केरबा खाली ढोल वाजवायचा. इथे असतानाच जोती तापाने फणफणला. डोळे उघडीना, दूध घेईना. पेठेतल्या बायकांनी त्याला आपल्या घरात घेतले, आळीपाळीने मांडीवर ठेवले. सारजा देवीपुढे जाऊन बसली आणि नवस बोलली, की लेकरू उठले तर त्याला पाठीशी बांधून चिंचेपासून तुझ्या दीपमाळेपर्यंत दोरावरून येईन, आणि तिथे पोचेपर्यंत जमिनीला पाय लावणार नाही.

जोती उठला. म्हणजे आता नवस फेडायचा होता.

डोंबाऱ्याचा दोर एरवी पुरुषभर उंच असतो. हा दोर चिंचेच्या वरच्या फांदीपासून दीपमाळेच्या माथ्यापर्यंत जाणार होता. खालून बघताना मान दुखावी एवढा उंच. केरबाने तो बांधला, आणि प्रत्येक गाठ दोनदा ओढून पाहिली म्हणे. बाजाराच्या दिवशी दुपार कलल्यावर मैदान भरले. ज्या बायकांनी जोतीला मांडीवर घेतले होते, त्या पुढे बसल्या. त्यातली एक सारजाला म्हणाली, "अगं, तू जा हवी तर. लेकराला तरी खाली ठेव."

"नवस त्याचाच आहे, बाई," सारजा म्हणाली. "त्याला खाली ठेवून मी वर कुणासाठी जाऊ?"

मग तिने जोतीला पाठीशी घट्ट बांधले, हातात तोल सांभाळायची काठी घेतली आणि चिंचेवर चढली.

इथे काका नेहमी थांबतात आणि दोरावरच्या चालीबद्दल सांगतात. दोरावर चालणाऱ्याने पायाकडे बघायचे नसते. डोळे पुढच्या टोकाला लावायचे. पाऊल कधी टाकायचे ते खालचा ढोल सांगतो. एक ठोका, एक पाऊल. दोर हलतो त्याच्याशी तो ठोका जुळवलेला असतो, म्हणून तो घाईचा होऊन चालत नाही आणि मधे थांबूनही चालत नाही. माणूस जागेवर उभा राहिला की दोर झुलायला लागतो.

आणि आपली पेठ भजनातली. ताल कानावर पडला की पेठेतल्या माणसाला हात मांडीवर ठेवून बसवत नाही. भजन शेवटाकडे आले की लय वाढवायची, टाळी जलद करायची, ही तर अंगात मुरलेली सवय. सारजाने पहिली पावले टाकली तेव्हा पेठ श्वास धरून होती. ती थोडी पुढे सरकली तशी माणसांना धीर आला. कौतुकाने कुणीतरी ढोलाबरोबर टाळी धरली. शेजाऱ्याने धरली. बघता बघता सगळ्या मैदानाने धरली.

एकजण केरबाला म्हणाला, "अरे, म्हाताऱ्यासारखा काय वाजवतोस? जरा रंगू दे की."

"रंगलं की माणूस पडतं, दादा," केरबा म्हणाला. पण ते त्या एकालाच ऐकू गेले.

सारजा दोराच्या मध्याशी आली. पेठेला वाटले, आता आलीच. आणि सवयीने टाळी जलद झाली.

केरबाचा ढोल आपल्या चालीने चालला होता, पण तो आता कुणाला ऐकू येईना. त्याने एक हात उंच करून थांबा, थांबा असे खुणावले. भजनात बुवा हात वर करतात तो अजून जोरात म्हणून. पेठेने तेच समजून आणखी जोर लावला. केरबाने मग टाळ्यांच्या वर आवाज जावा म्हणून जिवाच्या कराराने ढोल बडवला. आणि ढोलाचे कातडे फाटले.

तो फाटल्याचा आवाज मात्र सगळ्यांनी ऐकला. टाळ्या तुटत तुटत थांबल्या. वर सारजा उभी होती, एक पाय पुढे, एक मागे. दोर झुलायला लागला होता.

पेठेला तेव्हा कळले आपण काय केले ते.

चार पुरुषांनी धावत जाऊन जाजम आणले आणि दोराखाली ताणून धरले. पण एवढ्या उंचावरून ती कुठल्या बाजूला येईल ते कुणाला सांगता येईना. ते जाजम घेऊन डावीकडे सरकत, दोर उजवीकडे जाई. एकाने केरबाचा ठोका आठवून आठवून तशी टाळी धरून पाहिली. ती देवळाच्या भिंतीवर आपटून उलटी आली आणि एकाच्या दोन झाल्या. वरून सारजा ओरडली, "नको." एवढेच. त्यानंतर ती काही बोलली नाही. बोलायलाही श्वास लागतो, आणि श्वासाने काठी हलत होती.

पाठीवरचा जोती रडायला लागला.

खाली बसलेल्या बायकांनी आपापल्या पोरांच्या तोंडावर हात ठेवले. देवळातल्या पुजाऱ्याने घंटेचा लोळा मुठीत धरून ठेवला, वाऱ्याने हलू नये म्हणून. केरबा फाटका ढोल गळ्यात घेऊन उभा होता. तोंड वर, डोळे तिच्यावर. त्याने तिला हाक मारली नाही. हाकेने ती खाली बघेल, आणि खाली बघितले की संपले, हे त्याला माहीत होते.

पुढच्या रांगेत येसाक्का नावाची म्हातारी बसली होती. ती जन्मापासून बहिरी. टाळ्या वाजल्या तेव्हा तिने वाजवल्या नव्हत्या, कारण तिला ताल कधी कळलाच नव्हता, असे लोक समजत. पण तिच्या घरी तिची एक रीत होती. नवऱ्याचा माग चालू आहे की बंद, हे बघायला ती उठून जात नसे. सूत भरता भरता तळहात जमिनीला लावी. ठोका हाताला लागला की माग चालू. जोतीला तापात तिने आपल्या घरी निजवले होते ते मागाच्या खड्ड्याशेजारीच. तो ठोका अंगाला लागला की पोर शांत होई, हे तिने बघितले होते.

सगळी पेठ वर बघत होती. येसाक्काला मात्र केरबाचा उजवा हात दिसला. ढोल फाटला होता, तरी तो हात आपल्या मांडीवर हलकेच पडत होता. आधीच्याच चालीने. केरबाला स्वतःला ते ठाऊक नव्हते.

येसाक्काने तो हात बघून आपला तळवा मातीवर आपटला. पुन्हा आपटला. शेजारी तिची सून होती. तिला वाटले सासूबाईंना घेरी आली. तिने वाकून तोंडाकडे बघितले, मग हाताकडे बघितले, मग केरबाच्या हाताकडे. आणि तिनेही मातीवर तळवा ठेवला.

कुणी कुणाला सांगितले नाही. सांगायला तोंड उघडायची भीती होती. पण विणकरांच्या पेठेत जमिनीतून येणारा ठोका कुणाला शिकवावा लागत नाही. पहिली रांग, तिच्या मागची, मग सारे मैदान. कुणी जलद केले नाही. ज्यांचे हात आयुष्यभर भजनात पुढे पळाले, त्यांनी ते त्या दिवशी दाबून धरले. आवाज असा झालाच नाही म्हणे. धान्याचे पोते दूर कुठेतरी टेकवावे, तेवढाच. ठोका मातीत गेला, मातीतून चिंचेच्या मुळांत, मुळांतून बुंध्यात, बुंध्यातून दोरात. काहीजण सांगतात, तोवर वारा पडला होता, तरी चिंचेची पाने थरथरत होती. काका म्हणतात, ते मला माहीत नाही.

आधी जोती रडायचा थांबला.

मग सारजाचा मागचा पाय उचलला आणि पुढे पडला. एक ठोका, एक पाऊल. जाजमवाले जाजम धरून तिच्या खालून चालत राहिले, पण आता तेही तिच्याच पावलाने चालत होते. दीपमाळेला तिचा हात लागेपर्यंत कुणी मातीवरून हात उचलला नाही.

दीपमाळेच्या दगडी हातांवर पाय ठेवत ती उतरली. जमिनीवर पाऊल टाकायच्या आधी तिने जोतीला पाठीवरून सोडून देवीच्या पायरीवर ठेवले. मग पाय मातीला लावला. पुरुषांचे हात सवयीने टाळीसाठी वर गेले आणि तिथेच राहिले. कुणाची टाळी वाजवायची छाती होईना. तेव्हा येसाक्काने पुन्हा जमिनीवर तळवा मारला, आणि पेठेने तिच्यामागून मारला. सारजा अनवाणी तशीच उभी राहिली. ती पाय उचलून चालायला लागेपर्यंत पेठ थांबली नाही. केरबा येऊन विचारू लागला, लागले का कुठे, तर ती म्हणाली, "पोचलं. सगळं पोचलं."

त्या बिऱ्हाडाचे पुढे काय झाले ते नक्की कुणी सांगत नाही. काही म्हणतात ते पेठेतच राहिले, काही म्हणतात दर वर्षी येत राहिले. येसाक्का बसली होती ती जागा मात्र दाखवतात, चिंचेपासून थोडी पुढे. तिथे बसलेले माणूस पहिला हात मारते.

काकांचे सांगून झाले तेव्हा चहा गार झाला होता. केतकीने तो तसाच एका घोटात संपवला. मग म्हणाली, "काका, इतकी वर्षं झाली. आता टाळी वाजवली तर काय होणार आहे?"

काका म्हणाले, "काही नाही होणार. पण तुम्ही तुमच्या सायकलवर उंच असताना कुणी वाजवली असती, तर तुम्हाला बरं वाटलं असतं का?"

केतकी उठली. साथीदाराला म्हणाली, सामान राहू दे.

आजही या मैदानावर टाळी वाजत नाही. मधे एकदा इथे फरशी घालायचे घाटत होते, तर पेठेतल्या बायका पोराबाळांसह येऊन मातीत बसल्या आणि तो विचार मागे पडला. आजही कलाकार वर असेपर्यंत कुणी हात हलवत नाही. त्याचा अनवाणी पाय मातीला लागला की मगच पहिला हात पडतो, आणि तो पाय उचलेपर्यंत हात थांबत नाहीत.

त्या दिवशी दुसरा खेळ संपल्यावर केतकी सायकलवरून उतरली, बाजूला बसून तिने बुटांच्या नाड्या सोडल्या, मोजे काढले आणि मैदानाच्या मधोमध येऊन उभी राहिली. येसाक्काच्या जागेवर कुणाची तरी लहान मुलगी बसली होती. तिने हात मारला. मग सगळ्यांनी. केतकीने लोकांकडे बघितले नाही. ती मान खाली घालून आपल्या पायांकडे बघत राहिली. माझ्या मांडीवरच्या नातवाचा हात दुखायला लागला. तो विचारत होता, आजोबा, ही पाय कधी उचलणार? मी म्हटले, मार तू. ती उचलेल तेव्हा उचलेल.