कडजाईचा निळा चिरायत

मोरवणीच्या सड्याच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कातळपठाराच्या, उत्तर कडेला, जेथे पावसाळा सरला तरी गवताखालची ओल हटत नाही, तेथे शेंदूर नसलेला एक दगड आहे. त्याला कडजाई म्हणतात. या देवीला गूळखोबरे चालत नाही. भोवतीच्या ओल्या गवतात फुलणाऱ्या निळ्या चिरायताचे पान तेवढे चालते.

"आधी दांडी बोटांत फिरवा," वाट दाखवणारे वृद्ध जानूबाबा झोरे पाहुण्यांना बजावतात. "चार कोपरे लागले तर आपलं. गोल लागली तर तोंडात घालू नका. तुम्हांला उचलून खाली न्यायला आता माझ्यात जोर नाही."

जुन्या काळी येथील धनगरवाड्यात ठकू नावाची स्त्री राहत होती, असे सांगतात. तिची एकुलती लेक येसू तापाने फणफणली. "सड्यावरचं निळं फूल उकळून पाज," सासूने सांगितले. ठकूने ओंजळभर निळी फुले आणून काढा पाजला. ताप हलला नाही. उरलेली फुले पाहून सासूने कपाळाला हात लावला.

"अगं, हा तर केना! रंगावर काय गेलीस? निळं तर आभाळही असतं. कडू ते आण."

ठकू सड्यावर परतली, तेव्हा तो सारा निळ्या फुलांनी भरलेला होता म्हणे. लेकीजवळ फार वेळ उरला नव्हता. ठकू कडजाईच्या दगडापुढे वाकली. "आई, माझ्या जिभेवरचं गोड तुला वाहिलं. खरं झाड तेवढं ओळखू दे."

रंगाने पुन्हा फसवू नये म्हणून तिने डोळे मिटले आणि गवतात हात घातला. बोटांना चौधारी दांडी लागली. पान चावताच कडूपणा कानांपर्यंत गेला. डोळे उघडले, तर हाती चार पाकळ्यांचे, पिवळ्या केसरांचे फूल होते.

येसू वाचली. मात्र त्या दिवसापासून ठकूला दूध, मध, गूळ, सारेच कडू लागे. नवस तिने कोणास सांगितला नाही. पुढे स्वतःच्या लग्नात येसूने गुळाच्या लापशीचा पहिला घास आईला भरवला आणि विचारले, "गोड झालीय ना?"

ठकूने घास सावकाश गिळला. "गोड आहे गं, बाय."

"लेकीपासून काय लपतं?" जानूबाबा म्हणतात. दुसऱ्या दिवशी येसू सासरच्या वाटेवर या दगडापाशी थांबली, तिने चिरायताचे पान चावले आणि आईचे आदल्या दिवशीचेच शब्द उच्चारले, असे सांगतात.

आजही येथे पान चावणाऱ्याने तोंड वाकडे करायचे नसते. जिभेवरचा कडूपणा उतरण्याआधीच म्हणायचे असते, "गोड आहे गं, आई."