'जातो' म्हणणारा भाडेकरू

इचलकरंजीच्या द्वारकाकाकूंना भाड्याने द्यायला चार बिऱ्हाडांची चाळ बांधायची होती. हणमंतशेट सावकारांनी कर्ज दिलं, पण अट घातली, "एक जरी भाडेकरू 'जातो' म्हणाला, तर चाळ माझी!" काकूंनी हसत कबूल केलं.

चाळ भरली तशी सावकारांची नियत फिरली. चाळीतल्या धोंडू विणकराला त्यांनी आपल्या वाड्यात फुकट खोली देऊ केली आणि पंचांना घेऊन काकूंच्या ओट्यावर येऊन बसले. धोंडूने बोचकं उचललं, वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "काकू, येतो हं."

"ऐकलंत? हा तर 'येतो' म्हणतोय!" काकू म्हणाल्या.

पंचांनी हसून मान डोलावली. सावकार ताडकन उठले. "बरं, येतो मी!"

"या. अहो, 'जातो' तर तुमच्याही तोंडून निघत नाही!"